आलं, लिंबू, मोसंबी, संत्रं : घरच्या ताज्या रसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर वरूडकडचं, म्हणजे संत्र्याच्या बागांमधलं, आणि सासर पुण्याचं. त्यामुळे फेब्रुवारी संपता संपता नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बायका-मुलींचे फोन सुरू होतात : मोसंबीचा रस कडू झाला, आल्याच्या रसाखाली पांढरं काय बसलंय, ज्यूसर कुठला घेऊ. प्रश्न दरवर्षी तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण पुढे ती वेगवेगळ्या रूपांत येणारच आहे. रस वेगवेगळे काढा, वेगवेगळे ठेवा आणि एकत्र करा ते थेट ग्लासात. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

एका ग्लासाला प्रमाण किती?

मोसंबी किंवा संत्र्याचा रस २०० मिलि, म्हणजे मध्यम आकाराच्या दोन-तीन मोसंब्या. त्यात आल्याचा रस एक छोटा चमचा, अर्ध्या कागदी लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ किंवा सैंधव. साखर आधी घालू नका, चव बघून ठरवा. आल्याचा रस पहिल्यांदा अर्धाच चमचा घाला. जून आल्याचा एक चमचा कोवळ्याच्या दोन चमच्यांना भारी पडतो, आणि एकदा घातलेलं आलं बाहेर काढता येत नाही.

मीठ वगळू नका. चिमूटभर मिठाने कडवटपणा जिभेला कमी जाणवतो आणि गोडी वर येते.

सगळं सोलून एकदम मिक्सरमधून काढलं तर काय बिघडतं?

बिया फुटतात. मोसंबीच्या आणि संत्र्याच्या बीत कडूपणा ठासून भरलेला असतो, आणि मिक्सरचं पातं बी आणि गर यांत भेद करत नाही. शिवाय फेस येतो, फोडींवरचे पांढरे पडदे वाटले जातात, आणि गाळल्यावर उरतो तो पाणचट, वर फेस आणि खाली गाळ असलेला रस. मिक्सरच वापरायचा असेल तर फोडी सोलून, बिया काढून, मिक्सर नुसता दोन-तीन वेळा झटका देऊन थांबवायचा.

मोसंबीचा रस काढला तेव्हा गोड होता, तासाभराने कडू झाला. फळ खराब होतं का?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि यात फळवाल्याची काही चूक नसते.

मोसंबी-संत्र्याच्या पडद्यांत आणि बियांत एक द्रव्य असतं, ज्याला स्वतःची कडू चव नसते. फळ अख्खं असतं तोवर ते आपल्या जागी गप्प बसून असतं. फळ पिळलं की पेशी फुटतात, ते द्रव्य आंबट रसात मिसळतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं. हे लिमोनिन इतकं कडू की अगदी थोडंही जिभेला कळतं. म्हणूनच पहिला घोट गोड लागतो आणि फ्रीजमध्ये ठेवलेला उरलेला ग्लास कडू. रस तापवला तर हे आणखी भरभर होतं.

आता लिंबाचं बघा. हा बदल आंबटपणात घडतो, आणि रस जितका आंबट तितका तो लवकर होतो. मोसंबी मुळात कमी आंबट, म्हणून आपण चवीसाठी तिच्यात लिंबू पिळतो, आणि सकाळी पिळून संध्याकाळपर्यंत जग भरून ठेवतो. म्हणजे कडू व्हायला आपणच हातभार लावतो. लिंबू प्यायच्या वेळी पिळा.

आणखी दोन गोष्टी. फळ पिळताना शेवटचा थेंब काढायच्या हट्टाने साल पिरगाळू नका; त्या शेवटच्या दोन चमच्यांतच पडद्यांचा सगळा कडूपणा येतो. आणि रस लगेच गाळा, चोथा आणि बिया त्यात तरंगत ठेवू नका. एवढं करूनही मोसंबीचा रस मी अर्ध्या तासापलीकडे ठेवत नाही. जूस सेंटरवाला गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावरच मोसंबी का कापतो, तेही यातच आलं.

फळं कधी आणि कुठली घ्यायची?

नागपुरी संत्र्याचे दोन बहार बाजारात येतात. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत लागतात आणि फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात. मृग बहाराची फुलं जून-जुलैत, पाऊस पडल्यावर. फळं फेब्रुवारी ते एप्रिल. माझ्या मते रसाला मृगाचं संत्रं सरस, आंबट-गोड दोन्ही नीट जमलेलं. आंबियाचं फळ पावसाळ्यात वाढलेलं असल्याने कधी कधी पाणचट निघतं. आमच्याकडचे आंबियावाले हे वाचून भांडायला येतील, येऊ देत.

संत्र्याची साल सैल, हाताने सुटणारी. त्यामुळे ते पिळणीवर नीट दाबलं जात नाही, हातात फिरतं. ते सोलून फोडी काढून, बिया काढून गाळणीवर चमच्याने दाबावं. मोसंबीची साल घट्ट, ती आडवी कापून पिळणीवर छान बसते. मोसंबी मराठवाड्याची, त्यातही जालन्याची. नागपुरी संत्रं आणि जालन्याची मोसंबी या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, संत्र्याला २०१४ मध्ये.

दोन्ही फळं घेताना रंगाला भुलू नका, हातात तोलून बघा. एकाच आकाराची दोन फळं घेतली तर जे जड, त्यात रस जास्त. विदर्भात हिरवट सालीचं संत्रंही गोड निघतं, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना पटवणं मी सोडून दिलंय.

गाडीवर 'नागपुरी' म्हणून घेतलेली चकचकीत नारिंगी फळं घट्ट सालीची आणि बियांनी भरलेली निघाली.

तो किन्नू. पंजाब-राजस्थानातून हिवाळ्यात येतो. हा मूळचा आपला नव्हे, कॅलिफोर्नियात दोन जातींच्या संकरातून १९३५ मध्ये आलेला. रस भरपूर आणि रंग सुंदर, पण बिया खूप, आणि रस कडू होण्यात मोसंबीच्याही पुढे. काढला की प्या. ठेवायला तो नाही.

लिंबू दगडासारखं आहे, रसच निघत नाही.

फ्रीजमधून काढून लगेच कापू नका. पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मग ओट्यावर तळहाताने दाबून पाच-सहा वेळा लोळवा. कापताना आडवं कापा, देठाकडून उभं नको. उभं कापलं की मधली पांढरी दांडी रसाला आडवी येते. तरीही अडलं तर लिंबू फ्रीजरमध्ये घट्ट गोठवून बाहेर काढा आणि नरम पडू द्या. आतल्या पेशी बर्फाने फुटतात आणि रस सरळ वाहतो.

बरं कागदी लिंबू म्हणजे पातळ, पिवळसर, तुकतुकीत सालीचं. जाड, खडबडीत, गडद हिरव्या सालीचं घेऊ नये. एका मध्यम लिंबातून मला तीन-चार छोटे चमचे रस मिळतो. एप्रिल २०२२ मध्ये लिंबू काही शहरांत ३०० ते ४०० रुपये किलोवर गेलं होतं, तेव्हापासून मी थंडीत स्वस्त असताना रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवते.

आलं कसं निवडायचं?

मोडून बघायचं. कटकन मोडलं आणि वास नाकात गेला तर घ्या. वाकलं आणि धागे लोंबले तर ते जून. आपल्याकडे आल्याची लागवड अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला होते आणि पूर्ण तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात. त्यामुळे थंडीतलं नवं आलं पातळ सालीचं, रसाळ, कमी तिखट असतं. उन्हाळ्यातलं सालीने जाड, धाग्यांनी भरलेलं, पण तिखटपणाला चढं. रस जास्त हवा तर नवं घ्या, झणका हवा तर जुनं. साताऱ्याकडचं आणि कन्नड-खुलताबादकडचं आलं आमच्या मंडईत येतं, त्यात बहुतेक वाण 'माहीम' असतो. विक्रेत्याला वाण विचारलात तर तो तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, मोडून बघणंच बरं.

कोंब आलेलं आलं चालतं, बटाट्यासारखं विषारी होत नाही. बुरशी आलेलं मात्र तेवढा भाग कापून वापरू नका, सगळं टाका.

साल काढायचीच का?

नव्या आल्याची काढायची गरज नाही, पण माती काढायलाच हवी. ती बोटांच्या खाचांत बसलेली असते. गाठी मोडून सुट्या करा, दहा मिनिटं पाण्यात भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा. जुन्या आल्याची साल सुरीने सोलू नका, चमच्याच्या कडेने खरवडा, गर वाया जात नाही.

आल्याचा रस काढायची सोपी पद्धत कुठली?

माझ्या घरात तीन पद्धती चालतात, कोण काढतंय त्यावर अवलंबून.

सासूबाई किसतात. स्टीलच्या बारीक किसणीवर आलं धाग्यांना आडवं धरून किसायचं, म्हणजे धागे किसणीत अडकून झाडू होत नाही. मग जुन्या सुती पंचात किंवा मलमलीच्या फडक्यात पुरचुंडी बांधून पिळायची. नव्या रसाळ १०० ग्रॅम आल्याचा या पद्धतीने मला अडीच-तीन मोठे चमचे रस मिळतो. थोड्या प्रमाणासाठी याला तोड नाही.

जास्त हवा असेल तर मी मिक्सर लावते. आल्याच्या चकत्या धाग्यांना आडव्या, पातळ कापायच्या. उभ्या कापल्या तर धागे लांब राहून पात्याला गुंडाळतात. पाव किलोला चार-पाच चमचे पाणी, एक मिनिट फिरवून फडक्यातून पिळायचं. पाणी घातलेला रस टिकायला थोडा कमी, एवढं लक्षात ठेवा.

तिसरी पद्धत आळशांची आणि म्हणून मुलाची. आलं अख्खं गोठवायचं आणि गोठलेलंच किसायचं. बर्फासारखा भुगा पडतो, दोन मिनिटांत तो वितळतो आणि गाळणीवर चमच्याने दाबला तरी रस येतो. फडकं धुवायला लागत नाही.

खलबत्त्यात कुटूनही रस निघतो, पण कमी. चहापुरतं ठीक.

आल्याच्या रसाखाली पांढरी पेस्ट बसते. ती काय आहे? भेसळ?

आल्यातलं पिठूळ सत्त्व आहे, बटाटा पाण्यात ठेवला की खाली बसतं तसंच. रस अर्धा-एक तास न हलवता ठेवा, साका बसला की वरची निवळी हलकेच ओतून घ्या. साका गेला की रस स्वच्छ दिसतो, टिकतोही बरा. ताजा लगेच प्यायचा असेल तर निवळत बसायची गरज नाही. साका टाकू नका, आमटीत घाला.

आलं आतून निळसर निघालं. आणि लिंबाच्या रसात घातलेल्या आल्याच्या चकत्या गुलाबी झाल्या!

दोन्ही ठीक. काही आल्यांत आत निळसर वर्तुळ असतं, ते जांभळाच्या रंगाच्या कुळातलं रंगद्रव्य. तेच कोवळ्या आल्यात थोडं असलं तर लिंबाच्या आंबटपणाने गुलाबी होतं. जेवणात लिंबू-मीठ लावलेल्या आल्याच्या चकत्या वाढतात, त्या याच गुणाने रंगतात, कुणी रंग घातलेला नसतो. निळं आलं मऊ, घाण वासाचं असेल तरच टाकायचं.

ज्यूसर घ्यावा का? कोल्ड प्रेस चांगला म्हणतात.

दोघा-तिघांच्या घरात मी घेऊ नका म्हणेन. संथ फिरणारं यंत्र फळ दाबून रस काढतं, फेस कमी येतो, ही गोष्ट खरी. पण लिंबूवर्गीय फळं त्यात सोलून, बिया काढून घालावी लागतात, आल्याचे धागे त्याच्या मळसूत्राला गुंडाळले जातात आणि धुवायला रस काढण्यापेक्षा जास्त वेळ जातो. ज्यांच्याकडे आहे त्यांनी आल्याचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करावेत आणि मोसंबीच्या दोन फोडींच्या मध्ये घालावेत. मागून येणारा रस आल्याचा अर्क धुऊन बाहेर काढतो.

मोसंबीला मधे उंचवटा असलेली काचेची किंवा प्लॅस्टिकची साधी पिळणी पुरते. लिंबाला दोन दांड्यांचा चिमटा, पण लिंबू त्यात कापलेली बाजू खाली ठेवून दाबायचं. बरेच जण उलटं ठेवतात आणि रस अंगावर उडतो म्हणून चिमट्याला नावं ठेवतात.

रसवंतीवरच्या रसातली आल्या-लिंबाची चव घरी का येत नाही?

कारण तिथे लिंबू पिळत नाहीत, चिरडतात. रसवंतीवाला उसाच्या कांड्याची घडी करून तिच्यात लिंबू आणि आलं सालीसकट खुपसतो आणि घुंगरं वाजणाऱ्या चरकातून काढतो. लिंबाच्या सालीतलं तेल उसाच्या रसात उतरतं, चव त्याची. घरी हे जमवायचं तर लिंबू नीट धुऊन वरच्या हिरव्या-पिवळ्या सालीचा नखाएवढा पातळ पापुद्रा काढा आणि आलं वाटताना त्यात टाका. खालचा पांढरा भाग आला तर कडू होईल. एका जगाला एकच तुकडा, मोह आवरा.

तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवला तर?

नको. आम्लाने धातू रसात उतरतो. कल्हई असली तरी माझा भरवसा नाही. ॲल्युमिनियमही नको. काच, चिनी माती, चांगलं स्टील.

कुठला रस किती टिकतो?

प्रत्येकाचं घड्याळ वेगळं आहे, म्हणून तर वेगळे ठेवा म्हणते.

संत्रं-मोसंबी : लगेच. फार तर त्या दिवशीपुरता फ्रीजमध्ये, तोही कडू होण्याची तयारी ठेवून.

लिंबाचा रस : गाळून काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. खराब होण्याआधी त्याचा वास मरतो. 'शिळं लिंबू' आपण म्हणतो तो वास.

आल्याचा रस : निवळून, पाणी न घालता, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. आधी सुगंध उडतो, तिखटपणा मागे राहतो. आठवडाभराच्या रसात झणका असतो पण आलं नसतं, असं माझी मावशी म्हणते, आणि तिला चूक ठरवणं मला अजून जमलेलं नाही.

बर्फाच्या ट्रेमध्ये लिंबू आणि आलं दोन-तीन महिने उत्तम राहतात. क्यूब तयार झाले की झाकणाच्या डब्यात काढा, नाहीतर आइसक्रीमला आल्याचा वास लागतो.

बाटली उघडताना फसकन आवाज आला, बुडबुडे दिसले.

आंबायला लागला. आल्याच्या सालीवर नैसर्गिक यीस्ट असतं, साखर मिळाली की कामाला लागतं. फेकून द्या. आणि साखर घातलेला आल्याचा रस घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत ओट्यावर विसरू नका. माझ्या एका बाटलीचं बूच मे महिन्यात छताला लागलं होतं. खाली कोणी नव्हतं म्हणून हसण्यावारी गेलं.

आल्याचं पाचक कसं करायचं?

ही आपली घरगुती जुनी युक्ती, आणि लिंबू-आलं एकत्र करून ठेवण्याचा मला मान्य असलेला प्रकार, कारण यात मोसंबी नाही आणि साखर-मीठ भरपूर आहे.

निवळलेला आल्याचा रस एक वाटी, गाळलेला लिंबाचा रस एक वाटी, साखर दोन वाट्या, सैंधव दोन छोटे चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड एक चमचा, हिंग चिमूटभर. सगळं कोरड्या काचेच्या बरणीत घालून ढवळा. गॅसवर ठेवायचं नाही. दिवसातून दोनदा हलवत राहिलं की दोन-तीन दिवसांत साखर विरघळते. मग फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवडे खुशाल चालतं. जेवणाआधी किंवा नंतर एक-दोन चमचे तसंच, नाहीतर अर्धी वाटी पाण्यातून.

आल्याचा रस निवळून घ्यायची पायरी इथे चुकवू नका. साका राहिला तर पाचक गढूळ होतं, बुडाशी गोळा बसतो. गुळाचं करतात, चव छान लागते, पण ते लवकर आंबतं. आठवड्यात संपवायचं असेल तरच करा. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीनंतर वाटीवाटीने पाचक फिरायचं. आता त्याच्या जागी सोड्याच्या बाटल्या आल्या, जाऊ दे.

वर्षभर टिकणारं आलं-लिंबू सरबत करता येईल?

येईल. लिंबाचा रस एक लिटर, आल्याचा निवळलेला रस १०० मिलि, साखर दोन किलो, पाणी एक लिटर. साखर-पाण्याचा पाक उकळून, गाळून, पूर्ण थंड झाल्यावर रस मिसळायचे. गरम पाकात लिंबू घातलं की वास गेलाच.

इथे परिरक्षक, म्हणजे सरबत टिकवणारं द्रव्य, लागतं, ते टाळून वर्षभराचा हट्ट धरू नका. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट तयार सरबताच्या लिटरला सुमारे ०.६ ग्रॅम. चिमटीने नाही, छोट्या वजनकाट्यावर मोजून, चमचाभर सरबतात विरघळवून मग सगळ्यात मिसळायचं. घरात दम्याचा त्रास असलेलं कोणी असेल तर हे घालू नका. त्यांना याने त्रास होऊ शकतो. परिरक्षक नको असेल तर पावपट करा, फ्रीजमध्ये ठेवा, महिन्यात संपवा.

आलं घातलं की दूध फाटतं. लिंबू तर घातलंच नव्हतं!

कच्च्या आल्याच्या रसात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, दूध त्याने फाटतं. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात आल्याच्या रसावर गरम दूध ओतून मुद्दाम दह्यासारखं गोड पक्वान्न लावतात, ते याच गुणावर. चहात मात्र आलं आधी पाण्यात नीट उकळा, मग दूध घाला. उकळल्यावर ते विकर निकामी होतं.

सकाळी गरम पाण्यात लिंबू, आलं, मध घेतलं तर चालेल ना?

चालेल, पण पाणी कोमट असू द्या. वाफाळत्या पाण्यात लिंबाचा वासही राहत नाही, आणि मध गरम करू नये हे आयुर्वेदही सांगतो. वजन उतरेल या आशेने घेत असाल तर उतरतं ते त्यापायी गोड चहा सोडल्याने. लिंबाला श्रेय मिळतं एवढंच.

सर्दीवर उपाय म्हणून प्यावा का? क जीवनसत्त्व किती मिळतं?

गरम आल्याने घशाला बरं वाटतं, नाक मोकळं झाल्यासारखं होतं. तेवढ्यासाठी जरूर प्या. सर्दी बरी होते असं नाही.

क जीवनसत्त्वाचा हिशेब साधा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागतं. संत्र्याच्या १०० मिलि रसात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असतं. एका लिंबाच्या रसात जेमतेम पाच-सहा. म्हणजे सरबताच्या ग्लासातलं अर्धं लिंबू म्हणजे निव्वळ चव. जीवनसत्त्वासाठीच जीव टाकत असाल तर पेरू खा, तो या सगळ्यांच्या पुढे आहे.

मधुमेह आहे, ॲसिडिटी आहे, रोजच्या गोळ्या आहेत. काय जपायचं?

संत्र्याच्या २०० मिलि रसात, वरून साखर न घालताही, १६ ते २० ग्रॅम साखर असते आणि फळातला चोथा गेलेला असतो. मधुमेह्यांनी फळ खावं, रस नको. लिंबू-पाण्यात आल्याचा रस आणि मीठ, साखर नाही, हे त्यांच्यासाठी बरं. ॲसिडिटीवाल्यांनी रिकाम्या पोटी हा रस घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पोटॅशियममुळे संत्र्या-मोसंबीचा रस डॉक्टरांना विचारूनच.

रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर रोज आल्याचा रस घेण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि पपनस किंवा ग्रेपफ्रूट रसात घालू नका, जर कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील. या दोन फळांतल्या द्रव्यांमुळे काही गोळ्या शरीरात नेहमीपेक्षा जास्त साठतात. साधी मोसंबी आणि नागपुरी संत्रं यांत ही भानगड नाही.

बाळाला मोसंबीचा रस कधीपासून?

आपल्याकडे चार महिन्यांच्या बाळाला चमच्याने मोसंबीचा रस द्यायची पद्धत होती. आता बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आत रस नकोच म्हणतात. मधही वर्षाच्या आत अजिबात नाही. आजीशी वाद होईल, तो डॉक्टरांवर ढकलावा.

दातांना आणि हातांना त्रास होतो का?

आंबट रस प्यायल्यावर लगेच दात घासू नका, अर्धा तास जाऊ द्या. साध्या पाण्याने चूळ भरा.

हातांचं कुणी सांगत नाही. अंगणात उन्हात बसून शेकड्याने लिंबं पिळली आणि हात तसेच राहिले तर दोन दिवसांनी काळे-तपकिरी डाग उठतात, कधी फोडही. लिंबाच्या सालीतल्या द्रव्यावर ऊन पडलं की असं होतं. लोणच्या-सरबताचं काम सावलीत करा आणि साबणाने हात धुऊनच उन्हात जा.

आमच्या पाहुण्या जैन आहेत, आलं खात नाहीत.

बहुतेकांना सुंठ चालते. पाव चमचा सुंठपूड अर्धी वाटी पाण्यात उकळून, निवळून ते पाणी रसात घाला. चव वेगळी येते, जास्त उष्ण आणि खोल. आलं वाळलं की त्यातली तिखट द्रव्यं बदलतात. आधी मात्र त्यांना विचारा, प्रत्येक घराचा नियम वेगळा.

अमेरिकेत राहते. इथलं कुठलं लिंबू आपल्यासारखं?

तिथे 'की लाइम' नावाने मिळणारं छोटं लिंबू आपलंच कागदी. मोठं, बिनबियांचं 'पर्शियन लाइम' चालतं, वास थोडा कमी. पिवळं लेमन हे वेगळं फळ, पाचकाला लागत नाही. सालीवर मेण असतं, कोमट पाण्यात घासून धुवा.

संत्र्यांत 'व्हॅलेन्सिया' घ्या. 'नेव्हल' खायला सुरेख, पण रस ठेवला की कडू होण्यासाठी तेच सगळ्यात बदनाम.

चोथा आणि साली टाकून द्यायच्या का?

आल्याचा चोथा चहाच्या पाण्यात किंवा मठ्ठ्यात. संत्र्याच्या साली सावलीत कडकडीत वाळवून दळा, दिवाळीच्या उटण्यात जातात. मोसंबीच्या साली माझ्याकडे कंपोस्टच्या बादलीत जातात, पण थोड्या थोड्या; एकदम टाकल्या तर गांडुळं पळतात.

पिळलेल्या लिंबांच्या फोडी मात्र बरणीत मीठ लावून साठवत जा. वीस-पंचवीस जमल्या की त्यात गूळ, तिखट आणि आल्याचे तुकडे घालून पंधरा दिवस उन्हात ठेवा. सालीचा कडवटपणा मोडला की लोणचं तयार. देवाची पितळी उपकरणी घासायला दोन फोडी आधीच बाजूला काढून ठेवा, नंतर कोणी देणार नाही.